उकळलेलं ब्लँकेट
सासऱ्यांनी लग्नात दिलेलं मिंक ब्लँकेट मी सोडा टाकून उकळलं. घटस्थापनेच्या तोंडावर गल्लीत गरम सोड्याचा वास सुटला की ती सकाळ आठवते. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायचं, हा आमच्याकडचा रिवाज. सिडकोतल्या आमच्या गच्चीवर विटा मांडून मी चूल पेटवली, तशी बायको ओरडली, "अहो, ती गोधडी नाय! त्याला थंड पाणी लागतं!" "माझ्या आईनं जन्मभर उकळूनच धुतलं," असं ऐकवून मी ब्लँकेट पातेल्यात कोंबलं आणि वर धोपाटण्यानं बडवलंही. वाळलं तेव्हा त्याची मऊ लव खरकट्यासारखी चिकटली होती, त्यावरच्या गुलाबांचे कोबी झाले होते, आणि खाली घरात आणून भिंतीला टेकवलं तर ते आपल्या पायावर उभं राहिलं. नेमके त्याच दुपारी वैजापूरहून सासरे आले, धाकट्या मुलीसाठी माझ्या भावाला होकार द्यायला. भाऊ सकाळपासून नवा शर्ट घालून बसलेला. सासऱ्यांनी काठीनं ब्लँकेटवर टकटक केलं, "हे आमचंच का?" एवढं लेकीला विचारलं आणि भावानं आणलेला चहा न पिताच पायात चपला घातल्या. दाराशी ते भावाला जे बोलले, ते तो आजही दर दसऱ्याला मला सोनं देताना त्यांच्याच आवाजात ऐकवतो : "लेका, तुझ्यात काय खोट नाय. पण तुझ्या भावाच्या घरात दुसरी पोरगी उकळायला द्यायची नाय मला."