ती माझ्या गटात आली तेव्हा

माझं संशोधन सांगायला सोपं आहे. माणसांच्या मोठ्या जाळ्यात कोण कुणाशी जास्त बोलतं ते पाहायचं आणि त्यावरून कंपू ओळखायचे. प्रत्येक माणूस म्हणजे पडद्यावर एक ठिपका, एका कंपूचे ठिपके एका रंगाचे. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्याच ईमेलवर ते करून पाहिलं. मजकूर नाही, कुणी कुणाला लिहिलं एवढंच. सगळ्यांची परवानगी घेतली होती. पहिली परवानगी माझ्या मैत्रिणीची.

इंदिरानगरहून आम्ही तिच्या स्कूटीवर यायचो. डबा एकत्र खायचो. नव्या प्रयोगशाळेचा प्रस्तावही दोघींनी मिळून लिहिला होता. मंजूर झाली की दोघींनीच चालवायची, असं ठरलेलं.

पहिल्याच फेरीत मी निळी आणि ती हिरवी. हिरवे म्हणजे विभागप्रमुख आणि त्यांच्या केबिनीत सदा पडीक असलेली मंडळी. याच प्रमुखांच्या नकला करून ती मला डब्यावर हसवायची!

मी खापर प्रोग्रॅमवर फोडलं. त्यात एक आकडा असतो. वाढवला की गट बारीक होतात, घटवला की मोठे. तोच फिरवत बसले. वाढवला तर मी एकटीच उरले. घटवत नेला तेव्हा ती माझ्या रंगात आली खरी, पण तोवर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत अख्खं कॉलेज निळं झालं होतं.

महिन्याभरात प्रयोगशाळा मंजूर झाली. प्रमुख म्हणून तिचं नाव, सोबत हिरव्यांपैकी दोघं. माझं नाव कुठेच नाही. प्रस्तावातली वाक्यं मात्र माझीच, स्वल्पविरामासकट. केसानं गळा कापला होता तिनं. मला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. जगाचे कंपू शोधणारी मी, आणि समोर बसून माझ्या डब्यातली भाजी खाणारी कुणाची आहे ते मला कळलं नव्हतं.

ती पेढे घेऊन आली. "अगं, तुला सांगणारच होते. वरूनच तसं ठरलं." मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. "यात मी कुठंय गं?"

मी तो आकडा पार तळाला नेला. सगळा पडदा निळा झाला.

"ही बघ. माझ्याच गटात."

"वाटलंच मला," ती म्हणाली. चेहऱ्यावरून तरी तिला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बसनं जाऊ लागले.