पाखरांचे पंधरा दिवस

पतंग ज्योतीवर प्रेम करतो आणि प्रेमापायी जळून मरतो, असं कुणी लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी ही पाखरं ताटात, अंथरुणात आणि मागावरच्या ताण्यात पाहिली नाहीत, त्यांनी खुशाल असलं लिहावं. मी पाहिली आहेत. त्यांच्यावरून माझ्या घरात जे झालं, त्याचा राग मला आज केस पांढरे झाले तरी येतो. म्हातारपणी राग कमी होतो म्हणतात, पण माझा काही झाला नाही.

आमचं घर सोलापुरात साळ्यांच्या गल्लीत होतं. घर दोन खणांचं, वर मातीचं धाबं. पुढच्या खणात जमिनीत खड्डा करून बसवलेला माझ्या वडिलांचा, आप्पांचा हातमाग. गणपती बोळवून आठ-दहा दिवस झाले की पाखरं यायची. बोटाच्या पेराएवढी, करडी, जाड अंगाची. पंखांना शिवलं की बोटाला भुकटी लागायची. ती मोगलाईतून येतात असं गल्लीत सगळे म्हणत. निजामाची हद्द काही लांब नव्हती, आणि तिकडच्या एरंडाच्या रानांत ती वाढतात, असं बाजाराला येणारे शेतकरी सांगत. आप्पा म्हणायचे, ‘‘मानसाला नाक्यावर जकात द्यावी लागती, ह्यास्नी कुनी इचारत न्हाय.’’ पंधरा दिवस मुक्काम करायची, फार तर अठरा. मग एखाद्या सकाळी पाहावं तर भिंतीवर एकही नाही.

पाखरू नुसतं बसलं तर बसू दे, कुणाची हरकत नव्हती. पण ते बसलं की मुततं. तांबूस थेंब पडतो आणि सुतात असा मुरतो, की रिठा लावा नाहीतर लिंबू चोळा, हलत नाही. मोतिया रंगाच्या ताण्यावर असे दोन थेंब पडले की सबंध लुगडं डागी. व्यापारी डागावर बोट ठेवायचा आणि घडी परत सरकवायचा. म्हणून त्या दिवसांत दिवेलागणीच्या आत माग बंद व्हायचा. आप्पा त्यावर दोन जुनी धोतरं पांघरायचे, कडा खड्ड्यात खोचायचे. घरात कंदील एकच होता. एरवी तो मागावर टांगलेला असे, पण ह्या पंधरवड्यात त्याची रवानगी बाहेर ओट्यापुढच्या बांबूवर. खाली पाण्याचं घमेलं. पाखरं कंदिलाकडे जायची, काही घमेल्यात पडायची, आणि आम्ही आत आंधळ्यासारखे बसायचो. जेवणापुरती चुलीमागे एक घासलेटची चिमणी, तिच्यापुढे आई सूप आडवं धरायची. एकदा दादाच्या आमटीत पाखरू पडलं. त्यानं ताट सरकवलं, आईनं त्याला दुसरं वाढलं. माझ्या आमटीत पडलं तेव्हा म्हणाली, ‘‘काडून टाक की.’’

त्या वर्षी मी सातवीत होते. आमच्या गल्लीतली सातवीपर्यंत पोचलेली मी एकटीच मुलगी. शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दिवाळीच्या आधी चाचणी होईल, तिच्यात पास होतील त्यांचीच नावं फायनलला, म्हणजे सातवीच्या सरकारी परीक्षेला, पाठवायची. फायनल झाली की पुण्याला ट्रेनिंगला जाता येतं आणि मास्तरीण होता येतं. ‘‘बाकी सगळं चांगलं आहे तुझं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘गणितात मात्र कच्ची आहेस. हा पंधरवडा संध्याकाळी बसून त्रैराशिकं घटव. मी नाव पाठवते.’’ मास्तरीण व्हायचं म्हणजे काय हे मला नीटसं ठाऊक नव्हतं. बाईंची पांढरी साडी आणि त्यांच्या हातातलं घड्याळ एवढं मात्र ठाऊक होतं, आणि मला ते हवं होतं. फार हवं होतं.

एरवी संध्याकाळ माझी नव्हतीच. आप्पा जेवून पुन्हा मागावर बसत आणि आम्ही मायलेकी त्यांच्यासाठी कांड्या भरत असू. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी. ती रहाटावर, हातानं चाक फिरवत भरावी लागते, आणि एक माग चालवायला दोन बायका रहाटाला जुंपाव्या लागतात. पाखरांच्या दिवसांत माग बंद, म्हणून रहाटही बंद, म्हणून माझे हात मोकळे. उजेड तेवढा नव्हता. दादा पुस्तकं काखोटीला मारून तालमीत जायचा, तिथं गॅसबत्ती होती. मी कुठं जायचं? एका संध्याकाळी मी बाहेर ओट्यावर कंदिलाखाली वही घेऊन बसले. पाखरं मानेवरून झंपरात शिरली ते मी सोसलं. आप्पांना सोसलं नाही. तेरा वर्षांची पोर रस्त्यावर दिव्याखाली बसली म्हणून त्यांनी मला दंडाला धरून आत आणलं.

‘‘मग कंदील आत घ्या की तासभर,’’ मी म्हणाले.

‘‘आन् पाकरं?’’

‘‘पाकरं आत आली न्हाईत तर?’’

‘‘का? तुजं ऐकून भाईर ऱ्हात्यात व्हय?’’

‘‘न्हाई आली तर घेऊ का कंदील?’’

‘‘घे की,’’ आप्पा म्हणाले आणि हसले. ते हसले म्हणून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी घर बुजवायला घेतलं. जुन्या वह्यांची पानं फाडली. सुताला लावायची खळ घरात असायचीच, ती दाट शिजवून घेतली. खिडकीच्या फळ्यांमधल्या फटींवर कागदाचे तीन तीन थर दिले. उंदरांची बिळं शेणमातीनं लिंपली. धाब्याला धूर जायला एक भोक होतं, त्यावर विरलेल्या लुगड्याचा तुकडा ताणून बांधला. धूर जावा, पाखरू येऊ नये. दाराला तरटाची दोन पोती शिवून लावली आणि खालच्या कडेत वाळू भरली, म्हणजे ती वाऱ्यानं उडायची नाहीत. शाळेतून आले की पाटीला हात न लावता मी हेच करत होते. चार दिवस गेले ह्यात.

शेवटी राहिली दाराच्या चौकटीवरची फट. चौकट आणि भिंत ह्यांच्यामध्ये बोटभर रुंद, हातभर लांब. मी पिंप पालथं घालून वर चढले. आप्पा मागावर विणत होते. आई खाली उभी राहून म्हणाली, ‘‘ते ऱ्हाऊ दे.’’

‘‘का?’’

‘‘ऱ्हाऊ दे म्हनलं न्हवं. भिंतीला वारं लागतंय.’’

‘‘तुजं काय जातंय? तुला परीक्षा न्हाय,’’ मी म्हणाले आणि त्या फटीवर दुहेरी कागद मारला. मनात म्हटलं, दर सणाला सगळं घर सारवते ही बाई, आणि एवढी फट हिला बुजवता येत नाही. आळशी आहे झालं. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

संध्याकाळी मिलचा भोंगा झाला आणि कंदील आत आला. पोत्यांवर बाहेरून पाखरं टपटप आपटत होती. आत एक नाही. मी दोनदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. मग वही उघडली. पहिलं त्रैराशिक सुटलं. दुसरं अर्धं झालं होतं. आप्पा भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. कंदिलाकडे पाहिलं, धाब्याकडे पाहिलं, पुन्हा कंदिलाकडे पाहिलं. तंबाखू तोंडात टाकून उठले आणि मागावरची धोतरं काढून घडी करून ठेवली.

‘‘झ्याक केलंस पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘लई डोकं हाय तुला.’’ माझ्यासमोरचा कंदील उचलून त्यांनी मागावरच्या खिळ्याला अडकवला. ‘‘चल, कांड्या भर.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाखरं येतात म्हणून माग बंद असतो, पाखरं यायची थांबली की माग सुरू होणार, हे शेंबड्या पोराला कळेल. मला कळलं नव्हतं. मी दिव्याचाच विचार करत राहिले. ‘‘आप्पा, माजा अभ्यास,’’ मी म्हणाले. त्यांना खरंच कळलं नाही मी काय म्हणते ते. ‘‘दिवा हाय न्हवं? जवळच बस की,’’ म्हणाले. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. पण त्या वाक्याचा राग मी अजून गिळलेला नाही. रहाट फिरवत मांडीवर पुस्तक ठेवून पाहिलं. सूत दोनदा तुटलं, पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

तेवढ्यावर भागलं नाही. आमच्या घरातून संध्याकाळी धोट्याचा आवाज येतो म्हटल्यावर गल्लीतले बापे पाहायला आले. आप्पांनी कौतुकानं सगळं दाखवलं, पोती, कागद, धाब्यावरचा तुकडा. मग त्यांनी मला खळीचं गाडगं देऊन शेजारच्या चार घरी पाठवलं. मी जाऊन शिकवून आले. साळ्याची पोर इंजिनेर झाली म्हणून लोक हसले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते कबूल करते. त्या घरांतल्या बायका गप्प होत्या, कुणी हसलं नाही, हे मला दिसलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नाही.

चौथ्या घरून परत आले तेव्हा आई एकटीच मागच्या खणात ज्वारी निवडत होती. गाडग्याकडे पाहून म्हणाली, ‘‘आता कुनाकुनाचं बुजवून आलीस?’’

मी नावं सांगितली. तिनं सूप खाली आपटलं. माझी आई आवाज चढवणारी बाई नव्हती. तेव्हाही चढवला नाही.

‘‘वरसातलं पंदरा दिस,’’ ती म्हणाली. ‘‘दिवेलागणीला भुईला पाट टेकायला मिळती ती तेवड्याच दिसांत. बाकी बारा म्हैने रहाट. ती फट मी हातानं ठेवली हाय. सारवताना तितं हात आखडता घेती. तुज्या आज्जीनं दावली मला, लगीन होऊन आले तवा. समद्या घरांत हाय एक एक. आन् तू समद्यांच्या चिकटवून आलीस.’’

मला उलट तिचाच राग आला. ‘‘मग सांगायचं की मला!’’

‘‘कशी सांगू? तुजं आप्पा समोर विणत बसलं हुतं.’’

‘‘काडून टाकते मी कागद. आत्ता काडते.’’

‘‘काडून काय हुतंय?’’ आई म्हणाली. ‘‘घर बंद हुतंय हे आता त्यास्नी कळलं न्हवं का. तू काडलास तर ते लावतील.’’ आणि तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

पंधरवड्याचे उरलेले दिवस आम्ही रोज संध्याकाळी रहाट फिरवला. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. शेजारच्या घरांतूनही रहाटांची कुरकुर ऐकू यायची, आणि त्या प्रत्येक रहाटावर कोण बसलं आहे हे मला ठाऊक होतं. समोरच्या घरात एक सून सातव्या महिन्यात होती. तिच्या रहाटाचा आवाज मध्येच थांबायचा, सासऱ्याची हाक यायची, पुन्हा सुरू व्हायचा. मी कान झाकायचे तर सूत तुटायचं. आप्पांनी त्या पंधरवड्यात दसऱ्याच्या आत एक लुगडं जास्तीचं उतरवलं आणि आनंदानं सगळ्यांना शेव-चिवडा आणला. मी खाल्ला नाही. मला वाटलं होतं कुणीतरी विचारील का खात नाहीस. दादानं माझा वाटा खाऊन टाकला.

चाचणी झाली. गणिताच्या तासाला त्रैराशिकं समोर आली आणि मला पाटीवर रहाट दिसायला लागला. पाच उदाहरणांतलं एक धड सुटलं.

निकालाच्या दिवशी बाईंनी मला थांबवून घेतलं. नाव पाठवायच्या कागदावर माझी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, ती मला दिसत होती.

‘‘घरी अभ्यासाला दिवा नव्हता का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘होता, बाई.’’

‘‘पाखरांच्या दिवसांत साळ्यांचे माग संध्याकाळी बंद असतात ना? मी मुद्दाम चौकशी केली होती. म्हणून तर तुला सांगितलं, ह्याच पंधरवड्यात गणित घटव.’’

काय सांगणार? आमचा माग बंद नव्हता, असं म्हटलं तर का नव्हता, हे सांगावं लागलं असतं.

‘‘दिवा होता, वेळ होता,’’ बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. ‘‘मग मनच नव्हतं तुझं.’’ आणि त्या मोकळ्या जागेत त्यांनी दुसऱ्या मुलीचं नाव लिहिलं.

तेव्हा मी गप्प राहिले. पुढच्या फाल्गुनात माझं लग्न झालं, नवऱ्याच्या घरीही माग होता. बाई आता हयात नसतील. तरी उत्तर देऊन ठेवते. मन होतं, बाई. वेळ होता, दिवाही होता. तिन्ही मागाला लागले, आणि ते मागाला लावले मी, माझ्या हातच्या खळीनं.