निळ्या ओळीला बोट न लावणाऱ्या बायका

दुपारची जेवणं झाली की आमच्या सांगलीला गुंगी येते. बाजाराकडून हळदीचा वास तरंगत येतो, रिक्षासुद्धा दमल्यासारख्या हळू जातात, आणि मी गॅलरीत मोबाइल घेऊन बसते. ब्लॉग लिहायला. लिहिते म्हणजे काय, बोलतेच, फक्त बोटानं. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं चुकत चुकत आलं, तसाच हा ब्लॉगही आला.

खरं सांगू का, तो मी एका बाईसाठी लिहीत होते. माझं माहेर मलकापूरजवळचं, नदीकाठच्या काळ्या रानातलं. दिवाळी झाली की पूर्वेच्या कोरड्या मुलखातून मेंढरं खाली यायची. खतासाठी ती आमच्या रानात बसवायची आणि बांधाला मेंढपाळांचा तळ पडायचा. त्या तळावरची एक मुलगी माझ्याच वयाची. सकाळी धुकं इतकं असायचं की मेंढरं दिसायची नाहीत, नुसती घुंगरं वाजायची. त्या आवाजातून ही चालत यायची. आधी हसणं यायचं, मग ती. एका वर्षी आमच्याच रानात एक कोकरू जन्मलं, पायानं अधू. तळ हलला तेव्हा तिनं ते माझ्या मांडीवर आणून ठेवलं. म्हणाली, "ह्येला चालवत न्हाई. तुज्याकडं ऱ्हाऊ दे." पुढच्या दिवाळीला ते चांगलं दांडगं होऊन माझ्यामागं हिंडत होतं.

मग तिचं लग्न झालं, माझंही झालं, आणि मेंढरांची वाट बदलली. तिचं गाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या लेखी तिचं गाव म्हणजे आमचा बांध.

ही कोकराची गोष्ट मी ब्लॉगवर लिहिली. तिला वाचता येत नसलं तरी नातवंडांना येईल, कुणीतरी तिला म्हणेल, आजी, ही तुझीच गोष्ट दिसते. एवढ्या आशेवर मी रोज ते पान उघडून बघायची. त्यात एक नकाशा असतो, वाचणारा कुठल्या गावचा ते दाखवणारा. सांगलीवर रोज एक ठिपका चमकायचा. रोज, न चुकता. कुणी असेल बाई, जवळच राहत असेल, दुपारच्याला माझ्यासारखीच पडल्या पडल्या वाचत असेल. मी तिच्यासाठी मनात चहासुद्धा टाकायची.

माझी सून कुपवाडला एका कारखान्यात हिशेब बघते. तिला एकदा मी तो ठिपका कौतुकानं दाखवला.

"आई, रागावू नका," ती म्हणाली, "पण हा ठिपका म्हणजे तुम्हीच आहात."

"मी कशी? मी तर लिहिणारी."

"उघडून बघता ना रोज? ते मोजतंय तुम्हालाच."

इतके दिवस मी स्वतःलाच चहा पाजत होते म्हणायचं.

मग तिनंच प्रयोग सुचवला. "नुसतं लिहून ठेवलं तर कोण येणार? चार लोकांत नेऊन टाकायला पाहिजे. पण सगळीकडं एकदम नको. एक आठवडा फक्त ग्रुपवर, एक आठवडा फक्त स्टेटसला, मग एक आठवडा रील. हळद शिजली का बघायला काडी टोचतात ना, तसं बघू कुठून माणसं येतात ते."

आधी ग्रुप. आमच्या सासर-माहेरच्या बायकांचा भला मोठा ग्रुप आहे. लेखाची लिंक, म्हणजे ती निळी ओळ, टाकली, वर मेंढरांचा एक फोटो. टाकल्या टाकल्या जोडलेले हात, फुलं, "खूप छान", "डोळ्यात पाणी आलं". मी तर हवेतच. नदीच्या घाटावर फिरायला गेले तरी पाण्यावर मला ठिपकेच दिसत होते. घरी येऊन नकाशा उघडला. सांगलीवर एक ठिपका, तोही माझाच.

गावाकडच्या थोरल्या जाऊबाईंना फोन लावला. "वाचलंत का हो?"

"वाचलं की. लय ग्वाड लिवलंयस."

"कोकराचं नाव काय होतं सांगा बरं."

मग म्हणाल्या, "आगं, वरचा फोटू बघितला. निळ्या वळीवर न्हाई दाबलं. आमचा पोरगा पलटणीतनं दर फोनला बजावतंय, आई, निळ्या अक्षराला बोट लावायचं न्हाई, बँकेतलं समदं जाईल."

"अहो, पण ते मी पाठवलेलं."

"तू काय, कुणीबी पाठवू दे. समद्याजणींला त्येनंच सांगितलंय."

म्हणजे अख्ख्या ग्रुपानं न उघडताच डोळ्यांत पाणी आणलं होतं. मला हसू आवरेना, त्याही हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "त्यापरीस तूच वाचून दाव की. कानाला काय हुतंय?"

स्टेटसचा आठवडा गेला, रीलचा गेला. रीलला लोकांनी लाल बदामं दिली आणि पुढं सरकले. नकाशा तसाच कोरा, उन्हाळ्यातल्या आमच्या आभाळासारखा. सून म्हणाली, "आई, निकाल लागला. कुठूनच येत नाहीत." मी होय म्हणाले. ती बांधावरची मैत्रीण येणार नाही, हे त्या दिवशी मी मनात जवळजवळ कबूल केलं होतं.

तरी जाऊबाईंचा शब्द म्हणून एका दुपारी ती गोष्ट मी मोबाइलमध्ये बोलून पाठवली. बोलताना मध्येच पंखा बंद पडला, कबुतर घुमलं, ते सगळं आत गेलं. जाऊबाईंनी ती त्यांच्या भजनाच्या बायकांना पाठवली. त्यातल्या कुणी आटपाडीकडं दिलेल्या लेकीला पाठवली. तिनं कुणाला, ते मला माहीत नाही. आवाजाचा नकाशा नसतो.

बऱ्याच दिवसांनी जाऊबाईंकडून एक आवाज आला. पाठीमागं वारा, लांबवर घुंगरं. म्हातारी बाई बोलत होती, मध्ये मध्ये खोकत.

"कोण गं बोलतीया ही? समदं बराबर सांगितलं, पर एक इसरली. त्या कोकराच्या कानाला म्या तांबडा दोरा बांधला हुता. वळकू यावं म्हणून. त्ये सांग म्हणावं तिला."

तांबडा दोरा मी कुठंच लिहिला नव्हता. मला आठवतच नव्हता. आणि ऐकता ऐकता तो दिसला, धुक्यात हलणारा, एवढासा.

सून कामावरून आली तेव्हा मी लेख उघडून बसले होते आणि दोऱ्याचं एक वाक्य घालत होते. ती वाकून म्हणाली, "आता कुणासाठी? तुम्हीच वाचणार."

"वाचीन की," मी म्हणाले. "पण आधी तिला बोलून पाठवते. पंखा बंद कर जरा."