जागेवरबायचा पसारा

जागेवरबायच्या घरात काळोखसुद्धा जागेवर असायचा. दिवा न लावता ती आत जायची आणि सुई हवी असेल तर सुईच घेऊन यायची, दोऱ्यासकट. आमच्या आळीत असं म्हणत की तिच्याकडच्या मुंग्या रांग चुकल्या तर मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून चालायला लागतात. म्हणत, म्हणजे मीच म्हणत असे. पण विहिरीवर चार जणींनी ऐकलं की ते आळीचंच होऊन जायचं.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं. वसईकडच्या आमच्या गावात ती सगळ्यांची जागेवरबाय. कारण कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे जागेवर का नाही?" ऐन तारुण्यात नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पुढे एक खोली, मागे एक खोली, परसात चार कोंबड्या. वर्षातून एकदा राजेळी केळी सोलून ती सुकेळी वाळत घालायची, तेही अशा सरळ ओळींत की जणू पोरी पांढरे झगे घालून पहिल्या कम्युनियनला निघाल्यात.

आमची घरची बोली वेगळी. इथे मी शाळेतल्या भाषेत लिहिते आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यातलं मीठ थोडं कमी होईल. पण ती जे सांगायची ते असं: "देव पाहुणा नाही गे. पाहुण्यासाठी घर आवरतात आणि तो गेला की पुन्हा सोडून देतात. तो घरचा आहे. त्याला रोज बसायला जागा लागते."

आणि आभार. हे तिचं दुसरं वेड. संध्याकाळची रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, झाली की जमलेल्या प्रत्येकीने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि काल मानलेले आज चालत नसत. "आरोग्यासाठी आभार" म्हणून कुणी सुटू पाहिलं की ती माळ मांडीवर ठेवून थांबायची. "ते मोठं झालं. लहान सांग. आज काय झालं?" लढाई संपली होती तरी रेशन संपलं नव्हतं, कापड मिळत नव्हतं, रॉकेलसाठी बाटल्यांची रांग लागायची, अशा दिवसांत ही बाई डोळे मिटून म्हणायची, "आज दोरा पहिल्याच झटक्यात सुईत गेला. आभार." माझ्यासारखीला लहान काही सुचायचं नाही. मी एकदा सांगितलं की आज विहिरीत पडलेली कळशी देवाच्या कृपेने आपोआप तरंगत वर आली. बायका हसल्या. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "मोने, देवाला खरं सांगितलं तरी चालतं."

मी मोनी. लग्न होऊन आले तेव्हा विशीतली, आणि तोंडाने गावजत्रा. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. जाताना मागे ठेवून गेली ते साठवून ठेवलेलं सामान. बिनदांड्याच्या पळ्या, तळ गेलेल्या टोपल्या, एका पायाने लंगडा पाळणा, चाळण्या, गोणपाट, जुन्या लुगड्यांची बोचकी. सासूने साठवलं, मी त्यात भर घातली. माझा नवरा पास्कू गरीब माणूस, रहाट आणि वाडी सोडून त्याला काही दिसायचं नाही. आमच्या घरात चालायचं असेल तर होडी लागली असती. बरं, होडी नसेल, पण काठी नक्की.

ऑक्टोबर हा आमचा रोजरीचा महिना. मरियामातेची मूर्ती महिनाभर घरोघर फिरायची. आज एका घरी मुक्काम, उद्या संध्याकाळी गाणी म्हणत पुढच्या घरी. मूर्ती हातात घेऊन चालायचा मान जागेवरबायचा. वर्षानुवर्षं तिचाच. मूर्ती यायच्या आधी ती त्या घरी जायची, नव्या सुनेला हाताशी धरून घर लावायला शिकवायची, चुलीमागे वाकून बघायची. काही जणींना ते आवडायचं, आळीतल्या इजबेलकाकीला अजिबात नाही. तिच्या चुलीमागे एकदा मेलेली पाल निघाली होती, आणि काकी ते विसरलेली नव्हती. पण जागेवरबायचं आयुष्य त्या महिन्यासाठी होतं. उरलेले अकरा महिने ती सुकेळ्यांसारखी उन्हात बसून वाट बघायची.

माझ्याकडे मूर्ती यायची ती पहिलीच वेळ. जागेवरबाय आठवडाभर आधी आली, घर बघितलं, खाली बसली. ओरडली नाही. म्हणाली, "रोज एक वस्तू उचल. तिला जागा दे किंवा निरोप दे. सात दिवसांत सात. बाकीचा पसारा देवाला दिसला तर दिसू दे, लपवू नको." मी हो हो म्हटलं. सहा दिवस मी विहिरीवर बसून सांगत राहिले की माझं घर कसं आरशासारखं झालंय. सातव्या दिवशी दुपारी घरात आले तेव्हा पसारा होता तिथेच होता, आणि मला वाटतं थोडा वाढला होता.

आणि मग मला ती युक्ती सुचली. आजही ती आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

जागेवरबायचं घर माझ्या शेजारचं, आळीत माझ्या घराच्या अलीकडे. मूर्ती वाहणारीच्या घरी मूर्ती महिन्याच्या अगदी शेवटी जायची, म्हणजे त्या दिवशी तिथे कुणी फिरकणार नव्हतं. ती स्वतः आदल्या घरी मूर्तीपाशी. दाराला नुसती कडी. मी वाडीतून, केळीच्या आडोशाने, माझा सगळा पसारा तिच्या मागच्या खोलीत नेऊन टाकला. पंचवीस खेपा केल्या. एवढ्या नसतील, पण पाठ अजून पंचवीसच मोजते. उद्या ती पुढच्या घरी गेली की परत आणू, असा बेत. बोचकी बांधायला दोरी कमी पडली तेव्हा गोठ्यात गेले, रहाटाच्या रेड्याचं दावं सोडून घेतलं आणि रेड्याला जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधलं.

संध्याकाळी पास्कू घरी आला, दारातच थांबला. "चोर आले होते काय?" मी म्हटलं, "हात पाय धू आणि मेणबत्त्या लाव."

गाणी जवळ आली. पुढे जागेवरबाय मूर्ती छातीशी धरून, मागे वीस-पंचवीस बाया मेणबत्त्या घेऊन. आणि तेवढ्यात आमच्या रेड्याने चिंधीला एक हिसका दिला. रेडा हत्तीएवढा होता असं मी पुढे अनेक वर्षं सांगितलं. हत्तीएवढा नव्हता, पण आळी त्याच्याएवढीच रुंद होती. तो समोरून आला. गाणं अर्ध्यात तुटलं. पास्कू आणि बाकीचे पुरुष रेड्यामागे धावले आणि बाया मूर्तीसकट सगळ्यांत जवळच्या घरात शिरल्या. जागेवरबायच्या.

पुढच्या खोलीत मूर्ती पाटावर ठेवली, पण वीस बाया मावेनात. कुणीतरी मागच्या खोलीचं दार लोटलं. आधी पाळणा आला. मग टोपल्या, मग चाळण्या, आणि शेवटी एक बोचकं घरंगळत थेट मूर्तीच्या पायाशी येऊन थांबलं. मेणबत्त्यांचा उजेड त्या ढिगावर पडला होता, आणि त्यांच्यामागे धावत आलेली मी दारात उभी होते.

इजबेलकाकी हळूच बोलली. ती हळू बोलली की जास्त लागायचं. "दुसऱ्यांच्या चुलीमागे वाकून बघायचं, आणि आपल्या घरात हे."

जागेवरबायने ढिगाकडे पाहिलं. मग खाली वाकून बोचक्याचं दावं सोडलं. ते दावं तिने ओळखलं, कारण आमच्या वाडीतून ती रोज केळीची पानं न्यायची आणि रेड्याच्या पाठीवर हात फिरवून जायची. तिने ते दावं गुंडाळून माझ्या हातात दिलं. "पास्कूला दे. रेडा बांधायला लागेल." एवढंच. मग वळून बायकांना म्हणाली, "माझ्या घरात पसारा आहे. तुम्ही बघितलात. मला माफ करा."

ही माझी वेळ होती. एक वाक्य. पाच-सहा शब्द. मी, जी एका फुटक्या कळशीवर तासभर बोलू शकते, तिच्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. मी दावं पदराखाली घेतलं.

रेडा सापडला. मूर्ती माझ्याकडे आली. माझं घर इतकं मोकळं होतं की आवाज घुमत होता. इजबेलकाकीने चारी कोपरे पाहिले आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाय, जरा या पोरीकडून शिक." जागेवरबाय मान हलवून म्हणाली, "शिकेन." आभाराची पाळी आली तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली, "आज रेड्याने कुणाला शिंग लावलं नाही. आभार." माझ्या पाळीला मी म्हटलं, "आरोग्यासाठी आभार." त्या दिवशी कुणी मला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मूर्ती इजबेलकाकीच्या हातात गेली. कुणी ठराव केला नाही, भांडण झालं नाही. काकी पुढे झाली आणि जागेवरबाय मागे राहिली. त्या ऑक्टोबरात, आणि पुढच्या प्रत्येक ऑक्टोबरात, ती बायकांच्या सगळ्यांत मागून गाणी म्हणत चालायची. नव्या सुनांकडे तिला कुणी बोलावेना.

माझा पसारा परत आणायला जायचं माझं धाडस झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर एक चाळणी होती. घासलेली, सुटलेली कड काथ्याने पुन्हा आवळलेली. पाचव्या दिवशी एक पळी, तिला नवा दांडा. सहाव्या दिवशी एका लुगड्याच्या चार चौकोनी घड्या. रोज एक वस्तू. सगळा ढीग एकदम आला असता तर मी तो तसाच कोपऱ्यात लोटला असता. पण एकटी धुतलेली चाळणी हातात धरून माणूस काय करणार? मी भिंतीत खिळा ठोकला आणि ती टांगली. मग पळीसाठी दुसरा. नाताळ जवळ आला तेव्हा पाळणा आला, चार पायांवर उभा. त्यात माझ्या तिन्ही पोरी झोपल्या. माझं घर आज नीट आहे असं लोक म्हणतात. ते मी लावलेलं नाही, ते रोज एक असं माझ्या दारात आणून ठेवलं गेलं.

पाळणा आला त्या सकाळी मी तिला ओट्यावर गाठलं. "बाय, तू बोलली का नाहीस?"

"तुझं घर नवं होतं," ती म्हणाली. "नव्या घरावर हसलेलं टिकतं. माझं जुनं आहे, सोसेल." मग जरा लाजून म्हणाली, "आणि माझाही गर्वाने फुगा झाला होता गे. माझं घर कुणी न सांगता उघडलं तरी चालेल, असं मी चारचौघांत बोलले होते. देवाने उघडून घेतलं."

"रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं.

"सांग. पण माझ्यासाठी नको. तुला हलकं वाटायला सांग."

तो रविवार गेला. मग इस्टर गेला. मी पापकबुलीला गेले. फादर म्हणाले, ज्यांच्या समोर झालं त्यांच्या समोर सांग. त्यानंतर मी कबुलीला शेजारच्या गावी चालत जायला लागले. तिथल्या फादरांचे कान जरा कमी होते. जागेवरबायने पुन्हा कधी विचारलं नाही. संध्याकाळच्या रोजरीत मी तिच्या शेजारी बसायचे, आणि रोज काहीतरी लहान, खरं शोधून सांगायचे, कारण मोठं आणि खरं जे होतं ते मी रोज उद्यावर ढकलत होते.

अशी सात-आठ वर्षं गेली. एकोणीसशे पन्नासच्या पुढे कधीतरी, उपवासकाळाच्या आधी, ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या सकाळी शांत. उशाशी घडी घातलेलं लुगडं, माळ, आणि पाण्याचा तांब्या, तोही झाकलेला. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला बाया तिच्याच पुढच्या खोलीत बसल्या. रोजरी झाली. तिचीच रीत म्हणून प्रत्येकीने तिच्याबद्दल आभार मानले. कुणी म्हणालं, तिने मला शिवण शिकवलं. इजबेलकाकी म्हणाली, "चांगली बाई. घरात पसारा होता, पण तो कुणाच्या घरात नसतो?"

मग माझी पाळी. मी उभी राहिले. पाय हत्तीचे झाले होते, आणि हे मी वाढवून सांगत नाही. "तो पसारा माझा होता," मी म्हटलं. "मी दुपारी आणून तिच्या मागच्या खोलीत टाकला. पाळणा माझा, चाळण्या माझ्या. रेड्याचं दावं मी सोडलं. तिला सगळं माहीत होतं."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. रेड्याचं नाव निघाल्यावर तर सगळ्याच.

"खरं सांगते," मी म्हटलं. "पास्कूला विचारा."

पास्कू दारात उभा होता. बिचारा म्हणाला, "मी रेड्यामागे धावत होतो. मला काय ठाऊक?"

इजबेलकाकीने पदराने डोळे पुसले. हसून आलं होतं की रडून, कळलं नाही. माझा हात धरून तिने मला खाली बसवलं. "मोने, तुझ्या थापा आम्ही आज ऐकतो होय? पण मेलेल्या बाईचं नाव राखायला स्वतःवर घेतलंस. मन मोठं आहे तुझं." मी मान हलवत राहिले, नाही नाही म्हणत राहिले, आणि जितकं नाही म्हणावं तितक्या त्या माझ्याकडे मायेने बघायला लागल्या.

आभार पुढे सरकले. माझ्यानंतरच्या तिघींनी माझं नाव घेतलं.