बिजलीबाईचा पिवळा चौकोन

बिजलीबाईशी भांडायचं असेल तर तिच्या तीनचाकीच्या उजव्या अंगानं जाऊ नका, असं आर्णीच्या बाजारात नवख्या माणसाला आधीच सांगून ठेवत. उजव्या अंगाला कुबडी बांधलेली असायची. लाकडाची नव्हे, चांगली लोखंडी पाइपची, आणि ती टेकायला कमी अन् हाणायला जास्त कामी यायची. एका फटफटीवाल्याचं मनगट तिनं मोडलं होतं. दुसऱ्याच्या गाडीची सीट विळ्यानं फाडून आतला स्पंज भर रस्त्यावर उधळला होता. बाई तापट होती, हे कबूल. पण तापट माणसाला तापवलं कोणी, हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. म्हणून सांगतो.

ती जवळच्याच एका तांड्यावरची. जन्मली त्या दिवशी वीज पडून गोठ्यातला बैल मेला, म्हणून नाव बिजली. नवरा बाबूसिंग म्हणजे अगदी गरीब गाय. कोणी बांध कोरला तरी त्याचं 'जाऊ दे', कोणी तोंडावर शिवी दिली तरी 'जाऊ दे'. त्यामुळं घरात आपोआपच वाटणी झाली होती. वावर बाबूसिंगनं पाहायचं आणि जगाशी बिजलीनं भांडायचं.

कापसाचे ते दिवस मोठे वाईट होते. बोंडात अळी, बाजारात मंदी. वावरावर भागेना म्हणून बिजली हिवाळ्यात कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात मजुरीला जायची. एका दुपारी तिच्या फेटियाचा घेर मशीनच्या पट्ट्यात गेला. फेटिया म्हणजे लमाणी बायकांचा घागरा, आरशांनी अन् कवड्यांनी जड झालेला. आधी कापड गेलं, मागोमाग पाय गेला. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, पण त्या गडगडाटात ऐकतो कोण! पट्टा अडकला म्हणून मुकादम धावत आला आणि खेकसला, "कापूस कोणी कोंबला बे?" आत बाई अडकली आहे हे त्याला कळलं ते लाल झालेली रुई बाहेर पडायला लागल्यावर. उजवा पाय मांडीपासून गेला. मालकानं हातानं फिरवायची तीनचाकी दिली, आणि देताना फोटो काढून घ्यायला विसरला नाही, मोठा दानशूर!

आता भीमसिंगचं सांगतो. भीमसिंग हा बाबूसिंगचा चुलत भाऊ, म्हणजे तिचा दीर. आर्णीत त्याचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. दारावर भली मोठी पाटी, 'ग्राहक हाच आमचा देव'. दुकान उंचावर, कुबडीनं चढता येणार नाहीत अशा उभ्या पायऱ्या चढून जायचं. एका बाजूला पोती ढकलायला सिमेंटचा उतार होता. बिजलीची तीनचाकी त्या उतारावरून थेट गल्ल्यापर्यंत जाऊ शकली असती. पण उताराच्या तोंडाशी कायम फटफट्यांचा खच.

एका वर्षी पेरलेलं बियाणं उगवलंच नाही. ती रिकामी पाकिटं घेऊन आली आणि खालूनच हाक मारली. गल्ल्यावरच्या माणसानं मान वर केली नाही.

"तक्रार आत येऊन करा लागते."

"फटफट्या काढ, मंग येतो ना आत."

"कशा काढू? गिऱ्हाइकाच्या हायेत त्या."

"अन् मी कोण आहो? मी काय भीक मांगाले आली का?"

तो पुन्हा बिलं फाडायला लागला. बिजली बराच वेळ उन्हात तशीच बसून राहिली. मग खाली उतरली, दोन्ही तळवे पायरीवर टेकले आणि अंग ओढत एक एक पायरी चढायला लागली. फेटियाचे आरसे दगडावर करकर घासत होते. ती वर पोचली तेव्हा गल्ल्यावरचा तो नग म्हणाला, "आली व माय, बेडकी आली!" गिऱ्हाइकं हसली. भीमसिंगही हसला. तोंडावर हात ठेवून का होईना, पण हसला, आणि तिनं ते पाहिलं.

मग काय! वजनकाट्याजवळचं सगळ्यात जड माप तिच्या हाताशीच होतं. ते तिनं औषधांच्या काचेच्या कपाटात घातलं. बाटल्या खळाखळा फुटल्या, दुकानभर विषारी वास सुटला, लोक नाकाला पदर-रुमाल लावत बाहेर पळाले. दुसरं माप गल्ल्यावरच्याच्या जबड्यावर बसलं, आणि त्याचं हसू तेवढ्यावर आटोपलं. "देव हाय ना मी तुमचा?" ती काचांत बसून ओरडत होती. "मंग देवाले रांगवता काहून?"

प्रकरण पोलिसांपर्यंत जायच्या आत तांड्याच्या नायकापुढं गेलं. नायकानं दोन्हीकडचं ऐकलं आणि सांगितलं, बाबूसिंगनं काचा बसवून द्यायच्या, आणि भीमसिंगनं उताराच्या तोंडाशी पिवळा चौकोन आखायचा. त्या चौकोनात अपंगाची गाडी सोडून दुसरं चाक उभं करायचं नाही. भीमसिंगनं मान डोलवली. घरी परतताना बिजली नवऱ्याला म्हणाली, "मरन आलं तरी चालन, पन त्या आर्णीत मी आता रांगत नाही."

"जाऊ दे," बाबूसिंग म्हणाला, "भेटला ना चौकोन."

भेटला म्हणजे रंगवून भेटला हो! रिकामा कधी भेटतो? दर बाजाराला कोणीतरी फटफटी तिथंच लावायचा. "दोनच मिनिटं, मावशी," म्हणून आत जायचा आणि आत जाऊन चहा प्यायचा. ती हवा सोडायची, शिव्या द्यायची, कुबडी चालवायची. मघाशी सांगितलेलं मनगट अन् सीट ही त्याच दिवसांतली. भीमसिंग कधी तिची बाजू घ्यायचा, कधी गिऱ्हाइकाची, मालाला उठाव असेल तसं. लोक म्हणायचे, एवढ्याशा जागेसाठी बाईनं उच्छाद मांडला. म्हणणाऱ्यांना दोन दोन पाय होते. दुकानापर्यंत गाडीवर जाणं किंवा रांगत जाणं, एवढाच तिच्यासाठी त्या जागेचा अर्थ होता.

मग ते वर्ष आलं. सगळ्या तालुक्याला एकाच वाणाचं बियाणं हवं होतं आणि माल होता थोडका. उद्या गाडी येणार अशी हूल उठली की आदल्या दिवशीच दुकानासमोर चपलांची रांग लागायची. माणसं आपली झाडाखाली, टपरीवर, नाहीतर घरी, आणि त्यांच्या जागी त्यांच्या चपला उभ्या. जोडी म्हणजे एक माणूस. भाऊ भावाचं ऐकत नव्हता, पण चपलेच्या नंबरला कोणी हात लावत नव्हतं.

बिजली दिवस मावळायच्या आत पोचली. पहिला नंबर एका म्हाताऱ्याचा होता, दुसरा सुखीबाईचा. ही सुखीबाई शेजारच्या गावची विधवा कास्तकारीण. बिजलीनं तिसऱ्या जागी आपली चप्पल ठेवली. आता एका पायाच्या बाईजवळ किती चपला असणार? मागचे लगेच कुरकुरले.

"एका चपलेचा नंबर नाही लागत, बाई. कुत्र्यानं आनून टाकली का मानसानं ठेवली, काय समजते?"

"मानूस अख्खा हाय," ती म्हणाली, "पाय एक हाय. सकाळी माही चप्पल हालली दिसली ना, तं एकाचं डोस्कं जाग्यावर ठेवत नाही."

घरी येऊन तिनं हे सगळं बाबूसिंगला तणतणत सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, पाहू सकाळी." सकाळी ती उठली तेव्हा तो घरात नव्हता. वावरात गेला असेल, म्हणून ती एकटीच तीनचाकी मारत निघाली.

दुकानासमोर जत्रा भरली होती. रस्ता अडतो म्हणून पोलिसानं अख्खी रांग बाजूला घ्यायला लावली होती, आणि ती वळून बरोबर पिवळ्या चौकोनात शिरली होती. उताराच्या तोंडापर्यंत नुसत्या चपलाच चपला. वर भीमसिंग शटर अर्धं उघडून उभा होता, हातात शटर ओढायचा आकडा.

"भाऊजी, माही जागा मोकळी करा."

"वहिनी, आजचा दिवस राहू द्या. आज अपंग-बिपंग काही नाही, आज सगळे सारखे."

"सारखे? मंग तुमीही चढा रांगत पायऱ्या!"

लोक हसले. ते हसू तिला ओळखीचं होतं. तिनं रांगेवर नजर फिरवली. पहिली जोडी, दुसरी जोडी, तिसरीही जोडी. चौथी, पाचवी, सगळ्या जोड्या. एकटी चप्पल कुठंच नव्हती. फेकली! तिची चप्पल या लोकांनी उचलून गटारात फेकली, आणि वर तिच्याच जागेवर आपल्या चपला मांडल्या. समोरच्या टपरीवरून कोणीतरी हात हलवत "बिजली, थांब! थांब!" ओरडत येत होता, पण तिनं वळूनही पाहिलं नाही. थांब म्हणणारे तिला आजवर कमी का भेटले होते!

तिनं हातातल्या पायडलाला जोर लावला आणि तीनचाकी सरळ रांगेत घातली.

चपला चाकांखाली गेल्या, उडाल्या, एकमेकींत मिसळल्या. पुढं गेली, मागं आली, कुबडीनं उरलेल्या भिरकावल्या. क्षणात कोणाचा कितवा नंबर ते सांगायला देवही पुरला नसता. मग एकदम बोंब उठली. "माहा नंबर सातवा होता!" "चूप बे, तू तं मागं होता!" आणि एकानं दुसऱ्याच्या तोंडात मारली. तिथून भडका उडाला. अर्धी माणसं शटरकडं धावली, काचेवर दगड आले, भीमसिंगच्या कपाळातून रक्त आलं आणि तो आकडा गरागरा फिरवायला लागला. कोणाचा दात पडला, कोणाचं बोट शटरखाली चेमटलं. उरलेले बिजलीवर आले.

"हिनंच केलं! मारा लंगडीले!"

त्यांनी तीनचाकी तिच्यासकट उलटी केली. ती तोंडावर आपटली. बरगडीत लाथ बसली, कोणी केस धरून ओढलं, कानातला दागिना कानाच्या पाळीसकट गेला. "याडी!" तिच्या तोंडून निघालं. मार बसला की तांड्याची माणसं आईलाच हाक मारतात. पण कुबडी तिनं सोडली नव्हती. बसल्या जागेवरून ती भिंगरीसारखी कुबडी फिरवत होती, आणि नडग्या फुटत होत्या. तेवढ्यात मागून कोणीतरी तिला कमरेला मिठी मारली आणि उचलायला लागला. आता हे मला उचलून पायऱ्यांवर टाकणार, रांगवणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिनं सगळा जीव एकवटून कुबडी मागं हाणली.

मिठी सुटली. मागचा माणूस चपलांच्या ढिगात आडवा झाला. तिनं वळून पाहिलं तर बाबूसिंग. कानापासून भुवईपर्यंत कवटी उघडी पडली होती.

"बाबूसिंग होय तो!" सुखीबाई किंचाळली. "अवं, नवरा होय तुहा!"

हळूहळू हाणामारी थंडावली. रक्त पाहिलं की आपल्याला शहाणपण सुचतं, आधी नाही. बाबूसिंगच्या डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय उघडा. बिजलीला वाटलं, धावताना निघाली असेल. तेवढ्यात सुखीबाईनं ढिगातून एक जोडी ओढून तिच्यापुढं टाकली. डाव्या पायाची लहान, बायकी. उजव्या पायाची मोठी, पुरुषी. दोन्ही सुतळीनं एकत्र बांधलेल्या.

"उजाडाच्या आंधी आलता तो," सुखीबाई म्हणाली. "तुही चप्पल लोकायनं नालीत टाकलती. धुतली त्यानं, पुसली, अन् आपल्या पायातली एक काढून तिले बांधली. म्हने, अर्धी बायकोची, अर्धी माही, आता झाली ना जोडी? सगळ्यायनं मानलं व माय. तिसरा नंबर होता तुमचा."

बिजलीच्या हातून कुबडी गळून पडली. ती आजवर अशी कधी रडली नव्हती, जिनिंगमध्ये पाय गेला तेव्हाही नाही. "मी मारलं वो तुमाले," ती म्हणत राहिली, "मी मारलं, माह्याच हातानं मारलं." बाबूसिंगचे ओठ हलले. काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही, तिला मात्र न ऐकताच कळलं. तो दुसरं काय म्हणणार!

बाबूसिंग वाचला, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. एक कान कायमचा गेला, एवढंच. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं? त्या घटकेला तो मेल्यातच जमा होता, दंगलीमुळं एकही ऑटो जवळ यायला तयार नव्हता, आणि असा माणूस बसवून नेता येईल अशी एकच गाडी तिथं होती. भीमसिंगनं उलटलेली तीनचाकी सरळ केली.

"टाका त्याले माह्या गाडीत," बिजली म्हणाली. "पळा दवाखान्यात."

"अन् वहिनी, तुमी?"

"म्या सांगतलं ना, पळा!"

भीमसिंग आणि आणखी दोघं गाडी ढकलत धावले. कुबडी बाबूसिंगच्या रक्तात पडली होती, तिच्याकडं बिजलीनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं ती बांधलेली जोडी दातात धरली, दोन्ही तळवे रस्त्यावर टेकले आणि आर्णीच्या भर बाजारातून रांगत गाडीच्या मागं निघाली. मघाशी तिला लाथा घालणारे पुढं होऊन तिच्या वाटेतल्या चपला अन् काचा हातानं बाजूला करत होते. पाठीमागं पिवळा चौकोन पार मोकळा पडला होता.