आधी दिसणारं बटण

ऑफिसात तिला सगळे घाईताई म्हणत. पान उघडायला तीन सेकंद लागले तरी हिच्या कपाळाला आठ्या! अशा बाईच्या हाती डायलिसिस केंद्राचं ॲप सुधारायला आलं. जुन्या फोनवर ते उघडायला बारा सेकंद घेत होतं.

वाटा दोन होत्या. पानावरचं सगळं सामान एकदम आणायचं आणि तोवर पडदा कोरा ठेवायचा. किंवा डोळ्यांना दिसतं ते आधी, बाकीचं मागाहून. घाईताईने दुसरी धरली. केंद्राचा मोठा फोटो आणि ‘वेळ ठरवा’ हे बटण सर्वांत आधी, बटण चालवणारा कोड सर्वांत शेवटी. वेग मोजायचं ऑफिसचं साधन पान किती लवकर दिसतं तेवढंच बघायचं. गुण अठ्ठेचाळीसवरून शहाण्णव झाले. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, घाईताई हरखली. पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

दहा दिवसांनी ती घरी आली तर आई उशांना टेकून बसलेली. पाय सुजलेले, श्वासाला धाप. आईचं डायलिसिस त्याच केंद्रात व्हायचं आणि पुढच्या आठवड्याच्या वेळा ती स्वतःच फोनवरून ठरवायची, लेकीचं ॲप म्हणून कौतुकाने.

“आज गेली नाहीस?”

“गेले होते गं. यादीत नावच नव्हतं. परवा या म्हणाले.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“तुझं काम आहे ते. मीच नीट दाबलं नसेल.”

केंद्राच्या हातापाया पडून घाईताईने दुसऱ्या सकाळची वेळ मिळवली. मशीनशेजारी बसून आईच्या फोनवर ॲप उघडलं. बटण क्षणात आलं. दाबलं, काही नाही. कोड यायला नऊ सेकंद लागले; त्याआधीचं दाबणं वाया. आईने मात्र नेहमीसारखं एकदा दाबून फोन ठेवून दिला होता.

त्या आठवड्यात अशा सात तक्रारी आल्या होत्या. ‘कृपया आपलं नेटवर्क तपासा,’ असं उत्तर हिनेच सातही जणांना धाडलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. “सर, कोड आधी आणतेय. तो येईपर्यंत बटण दिसणार नाही. गुण सत्तरवर येतील.”

“अगं, वरच्यांना काय सांगू मी?”

“माझ्या आईचे पाय दाखवा त्यांना.”

दुपारपर्यंत तिने बदल केला, मग आईला घरी आणून त्या सात जणांना एकेक फोन लावला. सहा जणांनी फैलावर घेतलं. तिने प्रत्येकाला वेळ मिळवून देते म्हणून सांगितलं. सातवा फोन मुलाने उचलला.

“बाबांना आता वेळ नकोय,” तो म्हणाला. “बुधवारी गेले ते.”

‘माफ करा’ म्हणून तिने फोन ठेवला. “कुणाचा फोन होता गं?” आईने पलंगावरून विचारलं, आणि घाईताईला रडू फुटलं.