समुद्राला पाणी कधी येतं?

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच फिस्सकन हसायचं नाही, आणि तो चहा गार करायचा नाही. कारण मी जे केलंय ते आमच्या अख्ख्या खानदानात कुणी केलेलं नाही. मी समुद्राची तक्रार केली. हो, समुद्राची! रीतसर, गेटवर जाऊन!

आणि मला त्याची लाज वाटते का? मुळीच नाही.

तर झालं असं, की आमच्या सुधावन्सं राखीला आल्या होत्या. सुधावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मूळच्या बडोद्याच्या, दांडिया बाजारातल्याच, पण लग्न होऊन गुहागरला गेल्या आणि पार समुद्राच्या झाल्या. बडोद्याला आल्या की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "तुमच्या बडोद्यात सगळं आहे गं मंजू. राजवाडा आहे, बाग आहे, शेव-उसळ आहे. समुद्र तेवढा नाही."

दर वेळी हं! जेवून हात धुताना म्हणणार, गच्चीवर वारा खाताना म्हणणार. जसा काही समुद्र मीच नको म्हणून परत पाठवलाय!

पण ह्या वेळी त्या काही म्हणाल्या नाहीत. कशा म्हणणार? त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गेल्या हिवाळ्यात गेले. भाऊजी मच्छीमारांच्या सोसायटीत नोकरीला होते, जन्मभर होड्यांच्या माणसांत वावरले. नारळी पौर्णिमेला दोघं जोडीनं समुद्राला नारळ द्यायची. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आता भाऊजींच्या मागे ही पहिलीच पौर्णिमा. वन्संचा बेत असा, की भावाला राखी दोन दिवस आधी बांधायची आणि पौर्णिमेला गुहागर गाठायचं.

पण गणपतीच्या आधी कोकणाचं तिकीट म्हणजे काय सांगावं? वेटिंगमध्ये अडकलं ते हललंच नाही. आदल्या संध्याकाळी वन्संनी पिशवीतून नारळ काढला. घरच्या माडाचा, आमच्यासाठी आणलेला. तो देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. ह्या वर्षी इथूनच नमस्कार."

मला ते बघवलं नाही. आता असं झालं की शहाणी माणसं गप्प बसतात. मी बोलते.

"इथून कशाला? उद्या सकाळी निघायचं! आम्हालाही समुद्र आहे!"

ह्यांनी पेपर खाली केला. आमचे हे रिफायनरीतून रिटायर झालेले, बोलतात ते मोजून मापून.

"कुठे आहे?"

"सुरतेच्या पुढे. वाळूचा किनारा आहे, शांत आहे, मी व्हिडिओ पाहिलाय."

"तिथे मोठं बंदर आहे."

"मग? बंदर काय पाण्याशिवाय असतं?"

ह्यावर त्यांनी पेपर पुन्हा वर केला. तिथेच मी जिंकले असं मला वाटलं.

पहाटे निघालो. बरोबर मेथीची ढेबरी, कैरीचा छुंदा, थर्मास, वन्संच्या गुडघ्यांसाठी घडीची खुर्ची आणि लाल कापडात बांधलेला नारळ. सुरत मागे पडली आणि पुढे जो काही ट्रकांचा ताफा लागला! कंटेनर, टँकर, कंटेनर, टँकर. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या चिमण्या. वन्सं खिडकीतून त्या चिमण्या मोजत होत्या. मला ते मोजणं टोमण्यापेक्षा जास्त लागलं हो!

मग एक वळण घेतलं, बाभळीची झुडपं लागली आणि आवाज एकदम मागे राहिला. समोर किनारा. काळसर, मऊ वाळू. चिटपाखरू नाही. चहाची टपरी बंद, उंट नाही, भुट्टेवाला नाही. डाव्या हाताला लांबवर बंदराच्या उंचच उंच क्रेन, आणि उजवीकडे नुसती शांतता.

"बघा!" मी दार उघडून दोन्ही हात पसरले. "समुद्र!"

वन्सं उतरल्या. हे उतरले. आम्ही तिघांनी समोर बघितलं.

वाळू होती. तिच्या पुढे ओली वाळू होती. तिच्या पुढे चिखल होता. त्याच्याही पुढे आकाश होतं.

समुद्र नव्हता.

"ओहोटी असेल," वन्सं म्हणाल्या. मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. "पण इतकी? आमच्याकडे एवढं मागे नाही गं जात."

त्या 'पण'नं घात केला! गुहागरच्या बाईला जिथे शंका येते, तिथे मी का नाही घ्यायची?

आता तुम्ही जरा माझी बाजू समजून घ्या. मी सूरसागरच्या काठाला वाढलेली. सूरसागर तलाव कधी कुठे गेलाय? सकाळी बघा, संध्याकाळी बघा, आहे तिथेच आहे. भरती-ओहोटी भूगोलात होती खरी, पण ती मी ऑप्शनला टाकली होती. आणि दुसरं म्हणजे, कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत पाण्याचं खातं माझ्याकडे. नळ कोरडा पडला म्हणजे कुणीतरी कुठेतरी व्हॉल्व्ह बंद केलाय, हे मला झोपेतही कळतं. मग मी वॉर्ड ऑफिसला जाते, आवाज चढवते, कम्प्लेंट नंबर घेते आणि पाणी येतं. आजवर आलेलं आहे!

तर मी डावीकडे बघितलं. आणि काय दिसावं? बंदरात पाणी! एवढाल्या बोटी तरंगतायत! म्हणजे पाणी आहे, फक्त इकडे सोडलेलं नाही. शेजारच्या सोसायटीच्या टाक्या भरून वाहतायत आणि आपल्याकडे थेंब नाही, हा प्रकार मी आज बघतेय का?

"ह्यांनी ओढून घेतलंय," मी म्हटलं.

"कुणी? काय?" हे म्हणाले.

"बंदरवाल्यांनी. पाणी. बोटी तरंगायला नकोत का त्यांच्या? तुम्ही ढेबरी काढा, मी आलेच."

"अगं मंजू, थांब, समुद्र येईल आपणहून," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही पाहुण्या आहात. समुद्र आमचा आहे. तुम्ही बसा!"

आणि ओढणी खोचून मी निघाले. हे अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची उघडली, वन्संना बसवलं आणि छुंद्याची बरणी शोधायला लागले. मी नंतर विचारलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना, मग सांगितलं का नाही? तर म्हणतात, "तू विचारलंस कुठे?"

बंदराचं गेट म्हणजे केवढं! त्यापुढे मी एवढीशी. पण अंगात नुसती आग! सिक्युरिटीवाला आडवा आला.

"मॅडम, गेटपास?"

"गेटपास नहीं चाहिए! पानी चाहिए!"

बिचारा धावत केबिनमध्ये गेला आणि थंडगार बाटली घेऊन आला. मला तहान लागली होती, खोटं कशाला बोलू, अर्धी बाटली मी प्यायले. मग म्हटलं, "ये नहीं! समुंदर का!"

त्यानं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वायरलेस उचलला.

आतून एक साहेब आले. पिवळं हेल्मेट, चांगले वयस्कर, गुजराती. "बोलो बेन, शुं तकलीफ छे?"

मीही गुजरातीत सुरू झाले. बडोद्याची मुलगी मी, भांडायला मला गुजरातीच सोयीची पडते. "साहेब, तमारे त्यां पाणी भरपूर छे, अने पेली बाजु टीपुंय नथी! आ ते कंई रीत छे?" तुमच्याकडे भरपूर आणि त्या बाजूला टिपूस नाही, ही काय रीत झाली?

"पेली बाजु एटले क्यां, बेन?"

"दरियामां!"

साहेबांनी हेल्मेट काढलं. डोकं पुसलं. मग त्यांना मोठा खोकला आला. मला तेव्हा तो खोकलाच वाटला.

मी सगळं सांगितलं. वन्सं कोण, भाऊजी कसे गेले, नारळ एकदाही कसा चुकला नाही, आणि आज तो चुकला तर त्याला जबाबदार कोण? आवाज चढवला होता, पण भाऊजींचं नाव आलं तसा मध्येच घोगरा झाला. साहेब खोकायचे थांबले. हेल्मेट काखेत धरलं आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "बे-त्रण कलाकमां आवी जशे, बेन."

दोन-तीन तासांत! वॉर्ड ऑफिसनं मला कधी इतकं सरळ उत्तर दिलेलं नाही.

"चोक्कस?"

"चोक्कस."

"अने प्रेशर?"

"आजे पूनम छे, बेन. फुल प्रेशर."

"कम्प्लेंट नंबर आपो."

साहेबांनी क्षणभर आभाळाकडे बघितलं. "एक."

"फक्त एक?"

"आ बाबतनी पहेली ज कम्प्लेंट छे."

बघा! म्हणजे इतक्या वर्षांत कुणी आवाजच उठवला नव्हता! सगळे आपले सहन करत बसलेले! मी अशी ताठ मानेनं परत आले, की वाळूत चप्पल रुतत होती तेही कळलं नाही.

"येतंय पाणी," मी जाहीर केलं. "फुल प्रेशरनं."

वन्संनी तोंडाला पदर लावला. हे म्हणाले, "ढेबरं खा."

आणि मंडळी, पाणी आलं! आधी लांबवर एक चकाकती रेघ दिसली. मग ती रेघ रुंद झाली, मग चिखल झाकला, आणि मग बघता बघता लाटा आवाज करत पुढे यायला लागल्या. आम्हाला खुर्ची उचलून मागे सरकावं लागलं. पुन्हा उचलली, पुन्हा मागे. त्याच्याबरोबर माणसंही यायला लागली. रिक्षातून, बाईकवरून, पाठीमागच्या गावातून चालत. सगळ्यांच्या हातात नारळ, फुलं, हळद-कुंकू!

बातमी पसरली, मला वाटलं. पाणी सोडल्याचं कळलेलं दिसतंय गावात.

शेजारी एक म्हाताऱ्या बा येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या थाळीत दिवा, नारळ. मी न राहवून सांगितलं, "बा, आ पाणी में छोडाव्युं!"

"हें?"

"में छोडाव्युं! गेट पर जईने! कम्प्लेंट करी!"

बांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मायेनं, अगदी आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "बेटा, ए तो रोज बे वखत आवे छे."

रोज दोनदा!

आता इथे शहाण्या बाईनं काय करायचं? ओशाळून गप्प व्हायचं. माझ्या तोंडातून काय निघावं?

"रोज बे वखत? अमारी सोसायटीमां तो एक ज वखत आवे छे!"

पहिल्यांदा ह्यांना हसू फुटलं. मोजून मापून बोलणारा माणूस वाळूत गुडघ्यांवर बसून हसत होता! मग बा, मग बांच्या सुना, मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेसुद्धा. आणि वन्सं! भाऊजी गेल्यापासून ज्या बाईला मी साधं हसताना पाहिलं नव्हतं, त्या खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "भरती-ओहोटी ऑप्शनला टाकली होती गं हिनं," असं ह्यांनी सांगितल्यावर तर त्यांना उचकीच लागली.

मला राग आला? आला. पण वन्संकडे बघून तो टिकेना. आणि तरीही सांगते, माझं काय चुकलं? पाणी नव्हतं, मी बोलले, पाणी आलं. ह्यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का?

"चला, आता नारळ सोडा," मी घाईनं विषय बदलला.

"अजून नाही. भरती पुरी होऊ दे," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता सोडला तर किनाऱ्यालाच परत येईल. पाणी उलटलं की सोडायचा, मग ते आपणहून आत नेतं. ते नेहमी सांगायचे."

मग आम्ही थांबलो. गर्दी पांगली. बंदराचे भोंगे लांबून वाजत राहिले. वन्सं पहिल्यांदाच भाऊजींबद्दल बोलल्या. ते नारळ सोडताना चष्मा कसा खिशात घालायचे, आणि एकदा नारळाऐवजी चष्माच कसा गेला होता.

दुपार कलली आणि पाणी उलटलं. ह्यांनी बहिणीचा एक हात धरला, मी दुसरा. पोटऱ्यांएवढ्या पाण्यात वन्सं उभ्या राहिल्या. कापड सोडलं, नारळ कपाळाला लावला आणि अलगद पाण्यावर ठेवला. तो जरा घुटमळला. मग निघाला. लाटांवरून वर-खाली होत, आत, आणखी आत.

"पोचला हो," वन्सं म्हणाल्या. आम्हाला नव्हे.

माझे डोळे असे भरून आले, की समोरचं काही दिसेना. ओढणीनं पुसते तर आणखी वाहतात.

"मंजू, तूही हात जोड," वन्सं म्हणाल्या.

मी अंदाजानंच वळले, डोळे गच्च मिटले आणि अगदी मनापासून, कपाळापर्यंत नेऊन हात जोडले. तर वन्संनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला हळूच फिरवलं.

"अगं, ते गेट आहे. समुद्र इकडे आहे."